उलटा घातलेला कोट

जिवंत माणसाचा पुतळा उभारू नये, हे गिरगाव-दादरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पुतळ्यांना तोटा नाही. चौपाटीवर लोकमान्य आहेत ते त्यांच्या अंत्यसंस्काराच्या जागी. शिवाजी पार्कात महाराज घोड्यावर आहेत. पुतळा म्हटला की हार, जयंती, पुण्यतिथी, स्थानिक नगरसेवक आणि डोक्यावर बसणारा कावळा हे सगळं ओघानंच येतं. त्यामुळे ‘क्रिश ३’मध्ये शहराच्या मधोमध क्रिशचा भलाथोरला पुतळा उभा राहिला, त्याच्यासमोर माणसं नाचू-गाऊ लागली, आणि त्या गाण्याच्या नावातच गॉड, अल्ला आणि भगवान तिघेही हजर झाले, तेव्हा दादरच्या त्या जुन्या एकपडदा थिएटरात मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे विचारलं, ‘‘गेला काय रे हा?’’

थिएटर हसलं. पडद्यावरचं मात्र कुणी हसलं नाही, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत कुणी हसण्याचं चिन्हही दिसेना.

२०१३ सालची दिवाळी होती. १ नोव्हेंबरला, शुक्रवारी, चित्रपट लागला आणि सुट्टी होती म्हणून मी भाच्याला घेऊन गेलो. भाचा तेव्हा दुसरीत. दादर स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर घेतलेला काळा प्लॅस्टिकचा मुखवटा त्याने घरातूनच चढवला होता. इलॅस्टिक कानामागे रुतत होतं, नाकाशी घाम साचत होता, पण काढ म्हटलं की तो फक्त मान हलवायचा. मुखवटा घातलेला माणूस बोलत नाही, असं त्याचं मत होतं. मध्यंतरात त्याने समोसाही मुखवट्याखालून खाल्ला.

या मालिकेची एक गंमत अशी की ‘क्रिश २’ नावाचा चित्रपटच नाही. २००३चा ‘कोई... मिल गया’ हा पहिला, २००६चा ‘क्रिश’ दुसरा, म्हणून हा तिसरा. हा हिशेब दिग्दर्शक राकेश रोशन यांचा. तो चुकीचा नाही, पण तिकिटाच्या रांगेत निदान तिघाचौघांनी तरी दुसरा भाग आपला कसा काय हुकला, याची चौकशी केली.

पहिल्या चित्रपटात अतिमानव कुणी नव्हताच. वयाने वाढलेला, बुद्धीने लहान मुलगाच राहिलेला रोहित, त्याची शाळकरी टोळी, आणि उन्हातून शक्ती घेणारा निळा जादू. दुसऱ्यात रोहितचा मुलगा कृष्णा. आजीला दिलेल्या शब्दामुळे त्याला आपली शक्ती लपवायची आहे. सिंगापुरात सर्कशीला आग लागते, पोरं आत अडकतात, आणि याला आत घुसायचं तर आहे पण चेहरा दाखवायचा नाही. मग तो काय करतो? तिथेच पडलेला सर्कशीतला फुटका मुखवटा उचलतो आणि अंगातला कोट काढून आतली बाजू बाहेर करून घालतो. झाला अतिमानव. नाव विचारलं तर कृष्णा म्हणता म्हणता जीभ आवरतो आणि अर्ध्यावर तुटलेलं ‘क्रिश’ तेवढं बाहेर पडतं.

मला हा प्रसंग फार आवडतो. चाळीतल्या स्नेहसंमेलनाला ऐन वेळी राजा आला नाही तर शेजारच्या काकूंच्या शालूचा अंगरखा आणि पुठ्ठ्याचा मुकुट करणारी जी बुद्धी, तीच ही. घाईत, हाताला लागेल ते घेऊन सोंग उभं करायचं. सोंग उभं राहिलं की त्यात जीव आपोआप येतो, कारण बघणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा कोट उलटा आहे. पुढे त्याच चित्रपटात एका गरजू मित्राच्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी कृष्णा आपला मुखवटा त्याला देऊन टाकतो. क्रिश म्हणून बक्षीस मित्राला मिळतं, श्रेयही त्यालाच. नायकाला फुटक्या कवडीची अपेक्षा नाही. ‘क्रिश’ काही थोर चित्रपट नव्हता. शेवटचा अर्धा तास तर सरळ उचलाउचलीचा. पण त्याला स्वतःची ऐट नव्हती.

सात वर्षांनी तोच कोट चकचकीत काळ्या चामड्याचा होऊन आला. आता तो उलटा नाही, घाईचा नाही; मापाने शिवलेला गणवेश आहे. बक्षीस मित्राला देऊन टाकणाऱ्याचा चौकात पुतळा आहे. वाचवलेल्या पोराच्या हाताला तो कडं बांधतो आणि सांगतो की चांगलं काम करणारा प्रत्येक जण क्रिशच. कल्पना वाईट नाही. पण ती एकदा सांगून भागत नाही, पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि दर वेळी पाठीमागे वाद्यवृंदाचा कल्लोळ. शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या भाषणाला पाहुण्यांनी माईक सोडू नये तसं ते होतं.

खरं तर हसायला जागा जागोजाग होती. लोकांना वाचवायला मधूनच पळावं लागतं म्हणून कृष्णाची एकही नोकरी टिकत नाही. मुंबईत याहून ओळखीचं दुःख दुसरं नसेल. लोकल चुकली, पाणी तुंबलं, मावशी अ‍ॅडमिट आहे, अशा शेकडो सबबी साहेबांना सांगितलेल्या माणसाला ते चटकन पोचतं. सुरुवातीची ही पंधरा मिनिटं थिएटर खुशीत होतं. मग बर्फातल्या डोंगरावर राहणारा काल आला. विवेक ओबेरॉयचा हा खलनायक चाकाच्या खुर्चीत जखडलेला, हाताची दोन बोटं काय ती हलणारी, आणि त्या दोन बोटांच्या इशाऱ्यावर लोखंड उडवणारा. त्याने माणूस आणि जनावर एकत्र करून ‘मानवर’ नावाची प्रजा घडवली आहे. त्यातल्या एकाची जीभ हातभर लांब. माणसानं हातभर जिभेचा प्राणी तयार केला आणि त्यावर एकालाही विनोद सुचू नये? साथीचा विषाणू आहे, त्यावरचा उतारा विकून पैसा करण्याचा डाव आहे, बाप-लेकाचं गूढ आहे, गर्भातलं बाळ आहे, वेश पालटणारी काया आहे. ती कंगना राणावतनं केली आणि तिच्या वाट्याला थोडं तरी माणूसपण आलं. बाकी सगळे दुखवट्याच्या सभेला आल्यासारखे वावरतात. रोहित मरतो तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल. पण ते ‘कोई... मिल गया’तल्या रोहितसाठी. जुनं खातं होतं, त्यातून हे काढलं.

आणि मुंबई? शेवटच्या मारामारीत काचेच्या इमारती पत्त्यासारख्या कोसळतात, पण ही मुंबई कुठली ते काही कळत नाही. एक गल्ली नाही, एक चाळ नाही. लालबाग-परळच्या माणसाला इमारती कोसळताना बघायची सवय वेगळी आहे. १९८२च्या संपानंतर इथल्या गिरण्यांची धुरांडी एकेक करून गेली आणि त्या जागी खऱ्याच काचेच्या इमारती आल्या. त्यासाठी कुणा कालला बोटं हलवावी लागली नाहीत. सह्या पुरल्या.

चित्रपटाने पैसा भरपूर कमावला. तरी माझ्या लेखी तो पडला, फक्त ते पडणं गल्ल्यावरचं नाही.

स्वतःला इतकं गंभीरपणे घेण्याचा हा रोग आपल्याच लोकांचा, असंही नाही. १९८७च्या चौथ्या ‘सुपरमॅन’मध्ये तो संयुक्त राष्ट्रांत उभा राहून भाषण करतो आणि जगातली अण्वस्त्रं जाळ्यात गोळा करून सूर्यात फेकून देतो. हेतू इतका उदात्त की नाव ठेवायला लाज वाटावी, आणि चित्रपट इतका फसलेला की पुढची कैक वर्षं त्या मालिकेचं नाव कुणी काढलं नाही. नोलनच्या बॅटमॅनने काळोख आणला, तो त्याला शोभला. कारण त्याचा जोकर दात विचकून त्या काळोखाचीच टिंगल करत होता. नंतर आलेल्यांनी काळोख घेतला आणि जोकर विसरले. २०१६च्या ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’मध्ये दोन धडधाकट पुरुष अडीच तास कपाळाला आठ्या घालून वावरतात, आणि भांडण मिटतं ते दोघांच्या आयांची नावं एकच निघाली म्हणून. हे एखाद्या वगात आलं असतं तर शिट्ट्या पडल्या असत्या. तिथे त्याला पार्श्वसंगीत होतं.

आम्ही इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली पोरं. त्यातला वेताळ चड्डी पँटवरून घालायचा, तीही पट्ट्यापट्ट्यांची. याबद्दल आमच्या गॅलरीत जेवढी चर्चा झाली तेवढी त्याच्या पराक्रमाबद्दल झाली नसेल. पण त्या चड्डीवर हसून झालं की कवटीच्या अंगठीचा ठसा कुणाच्या हनुवटीवर उमटला, यावर आम्ही आणाभाका घ्यायचो. आधी हसून घेतलं की मग विश्वास ठेवायची लाज वाटत नाही. ही युक्ती आमची नव्हे. ती फार जुनी आहे, आणि या शहरात सिनेमा रुजवणाऱ्या माणसाला ती पक्की ठाऊक होती.

दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रस्ता आहे. त्याच रस्त्यावर, तो दादर मेन रोड होता तेव्हा, फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि १९१३च्या मे महिन्यात गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. पण मला सांगायचंय ते १९१९च्या ‘कालिया मर्दन’बद्दल. त्यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो कृष्णाने नव्हे. आधी ही मुलगी दिसते, फ्रॉकातली वाटावी अशी साधी मुलगी, आणि ती कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते. राग, हसू, रडू, आश्चर्य. गाल फुगवते, भुवया चढवते. मग तिच्याच चेहऱ्यातून हळूहळू मोरपीसवाला कृष्ण उमटतो. म्हणजे बापाने प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं की देव आमच्या घरातली पोर आहे, बघून घ्या. आणि त्यानंतर तोच देव गोकुळात खोड्या काढतो, लोणी चोरतो, डोहात उडी घेतो, नागाच्या फण्यावर नाचतो. तेव्हा बघणारे हात जोडतात. सोंग उघड करून दाखवल्याने भक्ती कमी झाली नाही, उलट तिला बसायला जागा मिळाली. क्रिशचं नाव ज्याच्यावरून घेतलं तो हा कृष्ण. त्याला खोड्या सोडून चालत नाही.

त्याआधी दोन वर्षं, १९१७मध्ये, फाळक्यांचा ‘लंका दहन’ आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या, अण्णा साळुंके यांच्या. सीतेचे दंड जरा भरदार होते. कुणाचं काही बिघडलं नाही. गिरगावात वेस्ट एन्डला तो लागला तेव्हा पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. गल्ल्यातली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून नेली, असंही. गाडीच्या बैलांची साक्ष कुणी काढली नाही, पण गर्दी झाली हे नक्की. आणि गर्दी बघायला आली होती ती मुख्यतः हनुमानाला. शेपटीला आग, आकाशात उड्डाण, जळती लंका. आपला पहिला उडणारा नायक तो, आणि तो माकड होता. शेपटीसकट.

गंमत म्हणजे फाळक्यांनीही एक पुढचा भाग केला. लंका जाळून झाल्यावर जे घडतं तेच त्यांनी ‘सेतुबंधन’ म्हणून घेतलं. चित्रपट पूर्ण व्हायला दोनेक वर्षं गेली, पैसा मध्येच आटला. तोवर १९३१च्या मार्चमध्ये गिरगावातच, मॅजेस्टिकला, ‘आलम आरा’ बोलू लागला होता. फाळक्यांचे वानर १९३२मध्ये समुद्रात दगड टाकत होते, पण आवाज होत नव्हता. पुढे त्याला आवाज चढवला गेला, तरी वेळ निघून गेली ती गेलीच. तो पुढचा भाग पडला त्याला कारण होतं, आणि त्याबद्दल वाईट वाटतं. तो मुका होता म्हणून पडला. आत्ताच्या पुढच्या भागांना बोलायची सोय आहे आणि ती सोय फार आहे, एवढाच काय तो फरक.

फाळक्यांची ती युक्ती रंगमंचावरही जुनीच, आणि तिथे परळच्या दामोदर नाट्यगृहाशी माझं नातं वेगळं. सोशल सर्व्हिस लीगने १९२२मध्ये गिरणगावासाठी उभं केलेलं हे थिएटर. कामगारांची नाटकं, शक्ती-तुरा, नमन आणि कोकणातून आलेल्या मंडळ्यांचे दशावतार तिथे व्हायचे. प्रेक्षकांत निम्मे चाकरमानी, एकेका गावचे, त्यामुळे नाटक कमी आणि भेटीगाठी जास्त. २०२३मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं.

दशावतारात आधी आडदशावतार होतो आणि त्यात संकासुर येतो. वेद चोरणारा हा राक्षस म्हणजे खरा खलनायक. अंगभर काळा पेहराव, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. काळा पेहराव, मुखवटा, लांब जीभ: ‘क्रिश ३’चं निम्मं सामान एकट्याच्या अंगावर. पण हा रंगमंचावर आला की आधी गप्पा मारतो. मालवणीत. पेटीवाल्याची खोड काढतो, पुढच्या रांगेतल्या तात्यांना गावचं घर कधी शाकारणार विचारतो, सरपंचाला चिमटा काढतो. बायका पदरात तोंड लपवून हसतात. पोरं आधी भितात, मग हसतात, मग पुन्हा भितात. आणि इतकं सगळं झाल्यावर विष्णू येतो तेव्हा त्याच बायका नमस्कार करतात. मघाशी हसलेलं तोंड पुसायचीही कुणाला गरज वाटत नाही. गणेश कुठल्या गावचा, विष्णू कुणाचा पुतण्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पहाटे मुखवटे पेटाऱ्यात जातात आणि विष्णू सात-बत्तीसची गाडी पकडतो. तमाशात गौळणीतली मावशी कृष्णाला अशीच पिडते. मग वग सुरू होतो, त्यात कुणी रडलं तर ते खरं रडू असतं.

पण आपल्या परंपरेचं एवढं कौतुक सांगून मोकळं व्हावं, तर लालबागचा पूल आडवा येतो.

गणपतीच्या दिवसांत त्या बाजूला जाऊन बघा. पूर्वी मंडळांतून चलतचित्रांचे देखावे असत. दोरीने हलणारा हनुमान, अडकत अडकत वर जाणारा द्रोणागिरी, मध्येच मोटर बंद पडली की पडद्यामागून येणारा हात. तो हात दिसला की टाळ्या. गणपती त्या वर्षीच्या चित्रपटातल्या नायकाच्या रूपात यायचा, कधी खांद्यावर धनुष्य, कधी पाठीला गदा, आणि दहा दिवसांनी समुद्रात विरघळायचा. देवाला कुठल्याही वेषात बसवायची आपली तयारी होती, कारण अकराव्या दिवशी वेष उतरणार हे ठरलेलं. आता उंचीची चढाओढ आहे, रांगेचे तास मोजले जातात, पहिल्या दर्शनाला कॅमेरे असतात, पाद्यपूजनाला निमंत्रणपत्रिका आणि मूर्तीच्या आगमनाचासुद्धा स्वतंत्र सोहळा. दहीहंडीचंही तेच. चोरट्या पोराचा खेळ. तो २०२२मध्ये सरकारने साहसी खेळ म्हणून जाहीर केला. गोविंदांना विमा मिळाला हे उत्तमच झालं, थर कोसळला की कंबर खरीच मोडते. पण लोणी चोरण्याला आता प्रायोजक आहे आणि निवेदक त्या थरांची नावं युद्धाच्या बातम्या द्याव्या तशी पुकारतो. म्हणजे ‘क्रिश ३’ बघून मी जे म्हणत होतो, ते आता थिएटराबाहेरही मला चार चौकांत दिसतं. प्रत्येक उत्सव आपलाच पुढचा भाग होऊन बसला आहे, आधीच्यापेक्षा मोठा आणि जास्त गंभीर.

भाच्याला मात्र चित्रपट आवडला. घरी जाताना टॅक्सीत तो मुखवट्याआडून म्हणाला, ‘‘मामा, दर वेळी त्याचं बोलून होईपर्यंत मी झोपून घेतलं. मारामारी सुरू झाली की उठायचो.’’ इतका नेमका परीक्षणलेखक मी पाहिला नाही.

२०२५च्या मार्चमध्ये जाहीर झालं की ‘क्रिश ४’ येतो आहे आणि दिग्दर्शन खुद्द नायक हृतिक रोशन करणार आहे. भाचा आता मिसरूड फुटलेला, कॉलेजातला. बातमी त्यानेच पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मामा, तिकिटं या वेळी मी काढणार.’ मी लगेच होकार दिला. जाणार तर आहेच. आणि मला कुणी विचारलं, विचारणार नाही म्हणा, तर माझी एकच मागणी आहे. बर्फातले डोंगर नकोत, विषाणू नकोत, पुतळा तर मुळीच नको. खलनायक म्हणून आमचा संकासुर घ्या. परळच्या भर चौकात, मे महिन्याच्या दुपारी, दोघांची गाठ घाला. पाठीमागचं संगीत बंद करा. क्रिश चामड्याच्या कोटात घाम गाळत उभा राहील, भाषणासाठी घसा खाकरील, आणि संकासुर जीभ लोंबवत त्याच्याभोवती एक फेरी मारून विचारील, ‘‘ह्या गरमेत कातड्याचो कोट कित्याक घातलंस रे मेल्या?’’